बस येत नाही, आली की तीन येतात: महानगरातील प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

मुंबई आणि पुणे महानगर प्रदेशांतील सार्वजनिक वाहतुकीविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. ‘आमच्याकडे मेट्रो कधी सुरू होणार’ एवढेच विचारणारी पत्रे बाजूला ठेवली. त्यांचे उत्तर म्हणजे एक तारीख, आणि अंक छापून होईपर्यंत ती बदललेली असते.

प्रश्न: सिंहगड रस्त्यावर अर्धा-अर्धा तास पीएमपीची बस येत नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या तीन बस पाठोपाठ येतात. चालक मुद्दाम असे करतात का? – एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर: मुद्दाम करायची गरजच नसते. आपोआप होते, आणि कोणी आवरले नाही तर रोज होते.

समजा, दर १० मिनिटांनी बस सुटते. त्यातली एक सिग्नलला किंवा वाहनांच्या गर्दीत ३ मिनिटे अडकली. पुढच्या थांब्यावर मिनिटाला दोन प्रवासी जमत असतील, तर या बसला नेहमीपेक्षा सहा माणसे जास्त मिळतात. एका माणसाला चढायला ३ सेकंद धरले तरी त्या थांब्यावर १८ सेकंद जास्त जातात. असे दहा थांबे झाले की आणखी ३ मिनिटांचा उशीर. मागच्या बसला मात्र माणसेच मिळत नाहीत, त्यामुळे ती भराभर पुढे येते आणि पहिलीला गाठते. मग पहिली खच्चून भरलेली आणि दुसरी रिकामी, अशी जोडगोळी शेवटच्या थांब्यापर्यंत जाते.

यात प्रवाशाचे नुकसान किती? बस बरोबर १० मिनिटांच्या अंतराने आल्या, तर थांब्यावर सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. त्याच बस २ आणि १८ मिनिटांच्या अंतराने आल्या, तर तासाला बस तेवढ्याच, पण दहापैकी नऊ प्रवासी १८ मिनिटांच्या खिंडारात सापडतात आणि सरासरी थांबणे ८.२ मिनिटांवर जाते. आगाराच्या वहीत दोन्ही दिवस सारखेच दिसतात, कारण फेऱ्या पूर्ण झालेल्या असतात.

उपाय महागडे नाहीत. मार्गाच्या मधल्या एखाद्या ठिकाणी, म्हणजे स्वारगेट किंवा डेक्कनसारख्या जागी, भराभर पुढे आलेल्या मागच्या बसला दोन-तीन मिनिटे थांबवून ठेवायचा अधिकार नियंत्रकाला हवा. बसमधले प्रवासी कुरकुर करतात हे खरे, पण पुढच्या थांब्यांवरच्या कितीतरी जास्त लोकांचा वेळ वाचतो. दोन बस एकत्र आल्याच, तर मागचीला अर्ध्यातून परत फिरवता येते. फार लांबचे मार्ग तोडून दोन करणे हाही उपाय आहे, मात्र बदलीच्या जागी छत आणि दुसरी बस दोन्ही हवे. १० मिनिटांहून कमी अंतराने धावणाऱ्या मार्गावर ‘बस वेळेवर सुटली का’ हे तपासण्यात अर्थ नाही, ‘दोन बसमधले अंतर किती’ हे तपासावे. जीपीएस बसवूनही आपल्याकडे बहुतेक पहिलेच तपासले जाते.

प्रश्न: आमच्या मार्गावर १४ बस आहेत असे सांगतात. मग १० मिनिटांनी बस का मिळत नाही? – एक वाचक, पिंपरी

उत्तर: हिशेब सोपा आहे. १२ किलोमीटरचा मार्ग, सरासरी वेग ताशी १२ किलोमीटर, म्हणजे एका बाजूला ६० मिनिटे. जाऊन-येऊन १२०, दोन्ही टोकांना ८-८ मिनिटे विसावा, एकूण १३६ मिनिटे. याला १० ने भागले की १३.६, म्हणजे १४ बस. येथपर्यंत ठीक.

आता रस्त्यावर वाहने वाढली आणि वेग ताशी १० झाला. फेरी १६० मिनिटांची झाली. त्याच १४ बस आता साडेअकरा मिनिटांनी येतील, १० मिनिटांसाठी १६ लागतील. त्यात तीन बस बंद पडून आगारात उभ्या राहिल्या, तर अंतर साडेचौदा मिनिटे. म्हणून ताफ्यात निदान दहा टक्के राखीव बस लागतात, आणि काटकसर करताना नेमक्या त्याच आधी कापल्या जातात. ‘नवीन बस घेतल्या’ अशा बातम्या येत राहतात आणि थांब्यावर फरक पडत नाही, त्याचे एक कारण हे: नव्या बस कोंडीने गिळलेल्या वेळेची भरपाई करण्यातच संपतात. वेगळी मार्गिका देऊन वेग ताशी १० वरून १२ केला, तर या एका मार्गावर दोन बस, त्यांचे चालक-वाहक आणि त्यांचे इंधन फुकटात मिळाल्यासारखे आहे.

प्रश्न: बदलापूर-अंबरनाथकडे वस्ती वाढतच आहे. रेल्वे लोकल का वाढवत नाही? निदान १५ डब्यांच्या तरी कराव्यात. – बदलापूर, डोंबिवली आणि दिवा येथील अनेक वाचक

उत्तर: या विषयावर सर्वांत जास्त पत्रे आली, तेव्हा थोडे सविस्तर.

एका रुळावरून साधारण ३ मिनिटांनी एक गाडी, म्हणजे तासाला २०, हे सध्याच्या सिग्नल पद्धतीत गर्दीच्या वेळेचे गणित आहे. कल्याणला कर्जत आणि कसारा अशा दोन्ही बाजूंच्या लोकल एकत्र येतात. त्यात लांब पल्ल्याच्या गाड्या. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली आणि कल्याण ते कुर्ला मेल-एक्स्प्रेसला स्वतंत्र वाट मिळाली. पण कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत ही जोडी नाही. तेथे जागा नाही, दोन्ही बाजूंना इमारती आणि वस्ती आहे. त्यामुळे वरच्या टोकाला गाड्या पुन्हा जलद लोकलच्या रुळांवर येतात. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी, म्हणून बदलापूरची फेरी वाढवायची तर काम कुर्ल्यापुढे करावे लागते. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिकाही हवीच, पण तिचा पूर्ण फायदा तेव्हाच.

दुसरा अडथळा फलाटाचा. गाडी ३० सेकंद थांबेल असे वेळापत्रक धरते. ठाणे, दादर, घाटकोपर येथे गर्दीच्या वेळी ते ४५ सेकंदांपासून मिनिटापर्यंत जाते. मागची गाडी सिग्नलला, तिच्या मागची तिच्या मागे. ‘सीबीटीसी’ म्हणून जी नवी नियंत्रण प्रणाली मुंबईसाठी मंजूर आहे, तिच्यात दोन गाड्यांमधले अंतर ठरावीक खांबांवर नसते, गाडीच्या वेगाप्रमाणे मोजले जाते. अंतर अडीच मिनिटांवर आले तर तासाला २० ऐवजी २४ गाड्या. पण फलाटावर मिनिटभर मोडला, तर ही बचत तेथेच संपते. म्हणून रुंद फलाट आणि जास्त जिने हे सुशोभीकरण नव्हे, ती गाड्या वाढवण्याची अट आहे.

१५ डब्यांचे म्हणाल, तर १२ च्या तुलनेत जागा २५ टक्के वाढते, आणि चालक-गार्ड तेवढेच लागतात. आमच्या मते मध्य रेल्वेवर सर्वांत आधी करण्याजोगे काम हेच आहे. मात्र एक स्टेशन जरी राहिले तरी गाडी तेथे थांबू शकत नाही. एक डबा साधारण २० मीटरचा. फलाट साठेक मीटर वाढवायचा म्हणजे पुढचा सिग्नल हलवायचा, कधी रुळांचे सांधे हलवायचे, पादचारी पुलाचे खांब आड येतात ते बदलायचे. शिवाय रात्री या गाड्या उभ्या करायला आणि धुवायला तेवढ्या लांबीच्या मार्गिका कारशेडमध्ये हव्यात. शेवटच्या मुद्द्यावर फारसे कोणी बोलत नाही, आणि काम अडते तेथेच.

दारांबद्दलही विचारले आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी पडून मृत्यूमुखी पडले, त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचा विषय पुढे आला. दारे हवीत यात वाद नाही. पण बंद दारांच्या साध्या डब्यात हवा खेळण्याची वेगळी सोय लागते, आणि दार लागेपर्यंत गाडी हलत नाही, म्हणजे फलाटावरचे सेकंद पुन्हा वाढतात. दारे आणि गाड्यांची संख्या हे एकत्रच सोडवायचे प्रश्न आहेत.

एक सुचवण. या पट्ट्यातल्या लोकांना सगळ्यांनाच दक्षिण मुंबईत जायचे नसते. नवी मुंबईला जाणारा आज ठाण्याला उतरून गाडी बदलतो आणि त्या फलाटावरची गर्दी वाढवतो. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग याचसाठी आखला आहे. त्यातले दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये उघडले, पण जोडमार्ग पुनर्वसनात रखडला. लोकप्रतिनिधींना निवेदन द्यायचे असेल तर ‘लोकल वाढवा’ ऐवजी या जोडमार्गाचे नाव घ्या. रेल्वे आणि राज्य सरकार यांची ५१:४९ भागीदारी असलेले मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ पासून आहे, तेव्हा पुनर्वसनाच्या बाबतीत राज्याने हात झटकण्यात अर्थ नाही.

प्रश्न: प्रवासीसंख्येचे अंदाज इतके कसे चुकतात? मोनोरेलचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. – एक निवृत्त अभियंता, चेंबूर

उत्तर: पद्धत अशी असते. प्रदेशाचे शेकडो लहान विभाग पाडतात. घरोघरी जाऊन माणसे, वाहने, उत्पन्न आणि आदल्या दिवशीचे प्रवास विचारतात. प्रत्येक विभागातून किती प्रवास निघतील, कोठे जातील, कोणत्या साधनाने जातील आणि कोणत्या वाटेने जातील, असे चार टप्पे मांडतात. मग वीस वर्षांनंतरची लोकसंख्या आणि नोकऱ्या घालून तेच गणित पुन्हा चालवतात.

चूक बहुधा तिसऱ्या टप्प्यात होते. माणूस घरापासून कामापर्यंतचा वेळ मोजतो, आणि त्यात चालण्याचा आणि थांबण्याचा एक मिनिट त्याला बसून जाणाऱ्या मिनिटाच्या जवळपास दुप्पट वाटतो. मेट्रोचे २० मिनिटे आणि स्टेशनपर्यंत चालणे, जिने चढणे, थांबणे, उतरून पुन्हा रिक्षा शोधणे मिळून २० मिनिटे, तर मनातला प्रवास ६० मिनिटांचा झाला. अहवालात मात्र ‘पूरक बससेवा उपलब्ध राहील’ हे गृहीत धरून दुसरा आकडा लहान लिहिलेला असतो. ती बस कोण चालवणार, पैसे कोण देणार, हे अहवालात नसते.

मोनोरेलच्या बाबतीत आणखी कारणे होती. चेंबूर-वडाळा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला आणि संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा भाग मार्च २०१९ मध्ये. मधली पाच वर्षे ती अर्धवट तुकड्यावर धावली. त्या तुकड्याचा मोठा भाग खत कारखाना, तेल शुद्धीकरण प्रकल्प आणि मोकळ्या जमिनींतून जातो. गाड्या मोजक्या, एक नादुरुस्त झाली की पंधरा-वीस मिनिटांचे अंतर. सुटे भाग देशात बनत नव्हते. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात लोकल बंद पडल्या, लोक मोनोकडे वळले आणि क्षमतेपेक्षा वजन जास्त होऊन गाडी मधेच अडकली. २० सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्या आणि नव्या सिग्नल यंत्रणेसाठी सेवा थांबवली गेली. नव्या गाड्यांनी अंतर कमी होईल, पण वाट तीच आहे.

अंदाज तपासायचा असेल तर अहवालात तीन गोष्टी शोधा: गाड्यांमधले गृहीत अंतर, पूरक सेवेची गृहीत व्याप्ती आणि जमीन-वापराचे गृहीतक. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणाप्रमाणे प्रस्तावात इतर साधनांची तुलना आणि स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटरपर्यंतच्या पूरक सेवेची हमी द्यावी लागते. तुलनेच्या प्रकरणात ‘बस’ या पर्यायाला किती पाने दिली आहेत ते पाहिले, की निर्णय आधी झाला होता की नंतर ते कळते.

प्रश्न: घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ चे खांब उभे राहिले. सुरू होण्यापूर्वी महापालिकेने काय करून ठेवावे? – एक गृहनिर्माण संस्था, ठाणे

उत्तर: हा प्रश्न वेळेत विचारला याचे समाधान आहे.

पहिले, रस्ता ओलांडणे. स्टेशनचा जिना दोन्ही बाजूंच्या पदपथावर उतरला पाहिजे आणि पूल तिकीट न काढता ओलांडता आला पाहिजे. सेवारस्त्यावरचा पदपथ सलग हवा, गटाराच्या झाकणांची चढ-उतार नको. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. ४०० मीटर म्हणजे पाच मिनिटे, तेवढे लोक चालतात. संकुलाच्या मागच्या भिंतीला एक लहान फाटक ठेवले तर कित्येकदा हे अंतर निम्मे होते, आणि ते काम संस्थेच्या हातात आहे.

दुसरे, मिडीबस. पाच किलोमीटरच्या वर्तुळमार्गाला थांबे धरून साधारण ३० मिनिटे लागतात. १० मिनिटांनी बस हवी तर तीन बस आणि एक राखीव, एवढेच. २० मिनिटांनी सोडाल तर कोणी वाट पाहणार नाही, लोक शेअर रिक्षाने जातील आणि पुढच्या वर्षी ‘प्रतिसाद नाही’ म्हणून बस बंद होईल. थांबा जिन्यापासून ५० मीटरच्या आत हवा. जिन्यासमोरची जागा पहिल्याच दिवशी रिक्षा आणि दुचाकी घेतात, नंतर ती परत मिळत नाही. वाहनतळाची मागणी करू नका. शंभर गाड्यांच्या जागेत शंभरच माणसे मेट्रोला येतात, आणि तेवढी माणसे चार मिडीबस आणतात.

प्रश्न: मुंबईत एक तिकीट कधी? – एक वाचक, कांदिवली

उत्तर: मेट्रो १ एका कंपनीकडे, २अ आणि ७ दुसरीकडे, ३ तिसरीकडे, बस ‘बेस्ट’कडे आणि लोकल रेल्वेकडे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ अॅपवर वेगवेगळ्या संस्थांची तिकिटे एका ठिकाणी काढता येतात. ही सोय चांगली आहे, पण रांग वाचते, पैसे वाचत नाहीत. प्रत्येक संस्थेचा पहिला टप्पा सर्वांत महाग असतो, आणि गाडी बदलली की तो पुन्हा सुरू होतो. एक भाडे म्हणजे अंधेरी किंवा मरोळ नाक्याला बदल केला तरी किलोमीटर पुढे मोजले जाणे. त्यासाठी जमलेली रक्कम संस्थांमध्ये कशी वाटायची याचा करार लागतो, आणि प्रत्येकीला वाटते की आपल्याला कमी मिळेल. तंत्रज्ञान कधीच तयार आहे.

‘बेस्ट’ने मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ वरून १० रुपये केले, त्याविषयी रागाची पत्रे आहेत. राग समजतो. पण २०१९ मध्ये ते ५ वर आणले तेव्हा तुटीची कायमची तरतूद कोणी केली नाही. भाडे कमी ठेवायचे असेल तर दर वर्षी अंदाजपत्रकात तेवढी रक्कम ठरवून द्यावी लागते. ती न देता भाडे कमी ठेवले, की जुन्या बस भंगारात जातात आणि त्यांच्या जागी नव्या येत नाहीत.

प्रश्न: पुण्यातील बीआरटी (फक्त बससाठी राखीव मार्गिका) का फसली? – एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर: कात्रज-स्वारगेट-हडपसर हा २००६ चा मार्ग देशातला पहिला प्रयोग होता. मार्गिका चौकाच्या आधी संपायची आणि नंतर पुन्हा सुरू व्हायची, आणि वेळ तर चौकातच जातो. १८० सेकंदांच्या सिग्नलमध्ये बसला ४० सेकंद हिरवा मिळाला, तर प्रत्येक चौकात सरासरी ५४ सेकंद जातात, दहा चौकांत ९ मिनिटे. काही उजवी वळणे बंद करून सिग्नल ९० सेकंदांचा केला आणि त्यात ३० सेकंद बसला दिले, तर दहा चौकांत मिळून सुमारे सव्वातीन मिनिटे. म्हणजे एक इंच रस्ता न रुंदावता पावणेसहा मिनिटे वाचली. हे उजव्या वळणांचे बंधन घालायला कोणी धजावले नाही. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि औंध-रावेत मार्गांवर रचना सुधारली, पण मार्गिकेत खासगी गाड्या घुसू लागल्या की वॉर्डन नेमायचे आणि महिन्याने काढून घ्यायचे, हे चालूच राहिले. नगर रस्त्यावरची मार्गिका तर काढूनच टाकली.

प्रश्न: आम्ही तक्रारी करून थकलो. परिणाम होईल अशी तक्रार कशी करावी? – ज्येष्ठ नागरिक संघ, कल्याण

उत्तर: मोजून. मंगळवार ते गुरुवार यांपैकी दोन दिवस घ्या, सणावाराचे आणि अतिवृष्टीचे दिवस टाळा. सकाळी ८ ते १० एका थांब्यावर दोन जण बसा. रकाने पाच: वेळ, मार्ग क्रमांक, बसच्या पाटीचे शेवटचे चार आकडे, किती चढले, किती राहिले. पाटीचे आकडे लिहिल्याने तीच बस किती वेळात परत आली तेही कळते.

नंतर दोन बसमधली अंतरे मांडा. समजा, एका तासात ती ५, २५, ३ आणि २७ मिनिटे आली. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज १३८८. अंतरांची बेरीज ६०, तिची दुप्पट १२०. भागाकार ११.६ मिनिटे, हे सरासरी थांबणे. आगार म्हणेल, तासाला चार बस दिल्या, म्हणजे साडेसात मिनिटे. हा फरक कागदावर दाखवला की ‘बस कमी आहेत’ हे नेहमीचे उत्तर चालत नाही, कारण तुम्ही बस मागतच नाही, अंतर सारखे करा म्हणता.

सोबत माहिती अधिकारात, १० रुपये शुल्क भरून, त्या मार्गाच्या महिनाभराच्या ठरलेल्या फेऱ्या, रद्द झालेल्या फेऱ्या आणि प्रत्येकीचे कारण मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. बस भाडेतत्त्वावरच्या असतील तर कंत्राटदाराला न झालेल्या फेऱ्यांसाठी केलेल्या दंडाचा तपशीलही मागा. अर्ज परिवहन सेवेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा आणि एका अर्जात एकच मार्ग घ्या. चार मार्ग एकत्र मागितले, तर माहिती मोठी आहे म्हणून येऊन पाहा असे उत्तर येते.